तापीथडीने चालायचं तर

ट्रेकिंग म्हटलं की आपल्याकडे सह्याद्री. किल्ला, कडा, दोर, धुकं. त्यावर मराठीत पुस्तकं आहेत, नकाशे आहेत, दर शनिवारी रात्री निघणाऱ्या मंडळींचे ग्रुप आहेत. नदीकाठच्या सपाटीवर चालणाऱ्याला मात्र कोणी चार गोष्टी सांगत नाही. सपाटीवर सांगण्यासारखं काय असतं, असा सगळ्यांचा समज. बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातून पिशवी खांद्याला लावून निघणाऱ्याला हा समज महागात पडू शकतो. एका अंगाला तापी, दुसऱ्या अंगाला सातपुडा, नदीच्या अंगाने खाली खानदेशात उतरलं की हतनूरचं पाणथळ. तिन्ही ठिकाणी चालायचे नियम वेगळे आहेत, आणि किल्ल्यावर शिकलेलं इथे फारसं कामाला येत नाही.

पहिली गोष्ट, आणि बाकी काही विसरलात तरी ही विसरू नका: तापीच्या पात्रात उतरायचं असेल तर डोक्यावरचं आभाळ बघून उपयोग नाही. आभाळ बघायचं ते मुलताईचं आणि बैतूलचं. नदी तिथे उगम पावते, सातपुड्याच्या कुशीतून नाले गोळा करत येते आणि मग बुऱ्हाणपूरला पोचते. तिकडे रात्री पाऊस कोसळला आणि पारसडोह धरणाचे दरवाजे उचलले, तर इकडे दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन असताना पाणी चढतं. वर देडतलाईला केंद्रीय जल आयोगाचं पाणी मोजण्याचं ठाणं आहे, तसंच बुऱ्हाणपूरलाही आहे. पावसाळ्यात आणि पावसाळा सरता सरता निघायचं असेल तर आदल्या रात्री वरच्या बाजूच्या पातळीची बातमी काढा, सकाळी पुन्हा काढा. बातमी मिळाली नाही तर पात्रात उतरू नका. काठाच्या वरच्या वाटेने चाला, तीही चांगली आहे.

राजघाटावर गेलात तर पात्रातल्या खडकात कोरलेला हत्ती दिसेल. गावातली जुनी माणसं पाणी हत्तीच्या कुठवर आलं यावरून पुराचा अंदाज घेतात. शहरात ही सोय आहे. शहर सोडून दोन-तीन मैल वर किंवा खाली गेलं की तुमचा हत्ती तुम्हालाच करावा लागतो. जेवायला किंवा टेकायला पात्रात बसलात की पाण्याच्या अगदी कडेला एक काडी रोवा. बोलता बोलता अधूनमधून तिच्याकडे नजर टाका. काडी पाण्यात गेली, पाणी गढूळ झालं, वरून फेस आणि पालापाचोळा यायला लागला, यातलं काहीही एक दिसलं तरी डबा झाकून वर निघायचं. ज्या काठाला घर आहे त्याच काठाला निघायचं, हेही लक्षात असू द्या. पलीकडे जैनाबादच्या बाजूला असाल तर घाईने नदी ओलांडून येण्यापेक्षा तिकडेच थांबून पुलावरून गाडीने परत येणं शहाणपणाचं. आणि पुलावरून पाणी जात असेल तर पुलावर पाऊल नको. पाणी घोट्याएवढंच आहे असं म्हणणारा कोणीतरी तिथे हमखास भेटतो.

चालण्याचा हंगाम दिवाळीनंतर होळीपर्यंत. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मोत्सव असतो, त्या दिवशी घाट बघावा, दर्शन घ्यावं, पण चालायला निघू नये. होळीनंतर ऊन चढतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा या भागात दुपारी जनावरंसुद्धा चरायला सोडत नाहीत.

आता काठाची वाट. बुऱ्हाणपूरपासून रावेर-सावद्यापर्यंत तापीथडी म्हणजे केळीचा मुलूख. दुरून हिरवं दिसतं म्हणून सरळ बागेतून वाट काढावीशी वाटते, तसं करू नका. एक तर ती कोणाची तरी बाग असते, आणि वारा-वादळाने आधीच धास्तावलेल्या माणसाला त्याच्या घडांखालून अनोळखी मंडळी जाताना बघायला आवडत नाही. दुसरं, केळीचा चीक. पान मोडलं, घडाला खांदा घासला, की शर्टावर पाणचट थेंब पडतो. वाळला की तांबूस-काळा डाग होतो आणि तो डाग शर्टाबरोबरच जातो. जुने कपडे घाला. तिसरं, ठिबकच्या नळ्या. पाय अडकून नळी निसटली तर मालकाचं नुकसान. शिवाय तहान लागली म्हणून ठिबकच्या नळीचं किंवा खत सोडायच्या व्हेंच्युरीजवळचं पाणी तोंडाला लावणारे लोक असतात. त्याच पाण्यातून खतं आणि औषधं सोडलेली असतात. पाणी हवं असेल तर मळ्यात माणूस शोधा, "राम राम दादा" म्हणा, कुठून कुठे चाललात ते सांगा. विहिरीचं पाणी मिळेल, वाट मिळेल, बहुतेक वेळा दोन केळीही मिळतील. पैसे देऊ करू नका, राग येतो.

चालावं ते पांदणीने आणि शिवेच्या बांधाने. जंगलाला लागून असलेल्या शेतांत रानडुकरांसाठी तारा ओढलेल्या असतात, काही ठिकाणी लोक त्यात वीज सोडतात. बेकायदा आहे, तरी सोडतात. त्यामुळे अंधार पडल्यावर किंवा उजाडायच्या आत शेताच्या कडेने चालायचं नाही, आणि दिवसाही तारेला हात लावून ती खाली दाबून ओलांडायची नाही. फाटक शोधा, लांबून जा.

काळ्या मातीचं तंत्र थोडं समजून घ्या. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस ही माती बुटाला अशी धरते की शंभर पावलांत पाय जड होतात, आणि बुटाच्या तळाला कितीही खोल खाचा असल्या तरी माती त्यात भरून तळ सपाट होतो. मग उतारावर घसरगुंडी. त्या दोन दिवसांत मळ्यातून चालूच नका, खडीच्या रस्त्याने जा. उन्हाळ्यात याच मातीला भेगा पडतात, गवताने झाकलेल्या भेगेत पाऊल तिरकं पडलं की घोटा मुरगळतो. नदीच्या जवळ जिथे जुना गाळ उंच साचलेला आहे तिथे पावसाच्या पाण्याने घळी कापल्या आहेत. घळीच्या ओठावर उभं राहून फोटो काढू नये. वरून घट्ट दिसणारी कड खालून पोखरलेली असते.

पात्रात वाळूवर चालणं सगळ्यात सुखाचं आणि सगळ्यात फसवं. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की कोळी, भोई आणि इतर कष्टकरी मंडळी वाळूत टरबूज-डांगराच्या वाड्या लावतात. वाड्यांमधून माणसांची वहिवाट असते, तिनेच चाला. वाळूत जिथे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पाण्यात जाऊन संपतात तिथे थांबा. रेतीच्या उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस पुढच्या पावलाला गळ्यापर्यंत जातो. पोहता येतं म्हणून निर्धास्त राहू नका, खड्ड्याच्या कडेची वाळू हाताखालून सुटत जाते. नदी ओलांडायचीच असेल तर जिथून गुरं ओलांडतात तिथून, गुडघ्याच्या खाली पाणी असेल तरच, पिशवीचे पट्टे सैल करून, तोंड वरच्या अंगाला करून, काठीने पुढचा तळ चाचपत. बुटासकट. अनवाणी पायाने शेवाळलेल्या काळ्या खडकावर माणूस उभा राहत नाही.

होळीच्या आगेमागे वाळूच्या बेटांवर जाणं मी सोडून दिलं आहे, तुम्हीही सोडा. नदी सुरय आणि छोटी आर्ली हे पक्षी तेव्हा उघड्या वाळूवर अंडी घालतात. घरटं असं काही नसतंच. वाळूत बोटाने केल्यासारखा खळगा आणि त्यात वाळूच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची दोन-तीन अंडी. हातभर अंतरावरून बघूनही दिसत नाहीत. पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागले की समजायचं आपण चुकीच्या जागी आहोत, आणि ज्या पावलांनी आलो त्याच पावलांवर पाय ठेवत मागे फिरायचं. तुम्ही उभे राहिलात तेवढा वेळ अंडी उन्हात भाजत असतात.

पाणथळ बघायचं तर हतनूर. तापी आणि पूर्णा चांगदेवला भेटतात, त्याच्या खाली ४१ दरवाजांचं हतनूर धरण आहे, आणि धरणाचं मागचं पाणी दोन्ही नद्यांच्या पात्रात पसरलेलं आहे. उथळ पाणी, गाळ, लव्हाळी, पानकणीस, वर येऊन बसलेली जलपर्णी. हिवाळ्यात इथे पक्ष्यांची जत्रा भरते: पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या, लालसरी, शेकड्यांनी वारकरी. पाणी उतरत जातं तसतसे शेतकरी उघड्या पडलेल्या गाळात गाळपेर करतात, म्हणजे काठाची रेघ दर पंधरवड्याला बदलते. मागच्या वर्षीच्या वाटेवर या वर्षी पाणी असेल, किंवा पाणी असायचं तिथे हरभरा उभा असेल. नकाशावर विसंबू नका. मोबाइलच्या नकाशात तर इथे एक निळा डाग आहे, बाकी काही नाही.

गाळ ओळखायची खूण सांगतो. वरची साय वाळून तडकलेली असते, तिच्याकडे बघून काहीच कळत नाही. त्यावरचे ठसे बघा. गुरांच्या खुरांचे ठसे बोटभर खोल असतील तर तुमचं वजन तिथे पेलेल. खूर वीतभर आत गेलेला असेल तर बाजूने जा. आणि जिथे फक्त पक्ष्यांच्या पायांची नक्षी आहे, एकही खूर नाही, तिथे म्हशीने जे ओळखलं ते तुम्हीही ओळखा. चुकून रुतलातच तर पाय उपसायची धडपड करू नका, एक उपसताना दुसरा आणखी खोल जातो. मागे टेका, सरळ बसा किंवा आडवे व्हा, वजन पसरू द्या, काठी आडवी घालून तिच्यावर भार द्या आणि एकेक पाय हळूहळू हलवत सोडवा. बूट आत राहिला तर राहू द्या. म्हणूनच गमबूट घालून पाणथळात जाऊ नये. आत पाणी शिरलं की ते पायाला वजन बांधल्यासारखे होतात. घट्ट नाडीचे कॅनव्हासचे जुने बूट, आणि पिशवीत कोरड्या मोज्यांचे दोन जोड, एवढं पुरतं.

दुर्बीण असेल तर पाण्याच्या अगदी जवळ जायची गरजच पडत नाही. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून काठावर बसा. उठून चालायला लागलात की बदकं उठतात आणि पुन्हा लांब जाऊन बसतात. दिवसभरात चार ग्रुप असे आले तर त्यांचं खाणंच होत नाही.

ज्यांनी कधी पायी लांबचा पल्ला मारलेला नाही त्यांना माझा एक वेगळाच सल्ला आहे: ग्रुप शोधू नका, दिंडी शोधा. महाशिवरात्रीच्या सुमारास मुक्ताई-चांगदेवाची यात्रा भरते. खानदेशाप्रमाणेच बुऱ्हाणपूरच्या बाजूनेही माणसं तिला पायी जातात. कुठे थांबायचं, कुठलं पाणी प्यायचं, पायाला फोड आला तर काय लावायचं, किती चालल्यावर बसायचं, हे सगळं त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. महागडी पिशवी आणि बूट घेतलेली तरुण मंडळी ज्या चालीने अकरा वाजता थकतात, त्या चालीने दिंडीतल्या आजीबाई कधी चालतच नाहीत. देवावर श्रद्धा असो-नसो, ती चाल शिकून घ्या.

आता जंगल. पाश्चात्त्य देशांतली भटकंतीची पुस्तकं वाचून येणारे लोक विचारतात, नदी झाली, पाणथळ झालं, पाइनचं जंगल कुठे? ते इथे नाही. चीड आणि देवदार बघायला हिमालयात जावं लागेल. पण राळेचा वास असलेलं जंगल हवं असेल तर सातपुड्यात सलई आहे. खडकाळ, कोरड्या धारेवर, जिथे दुसरं फारसं काही धरत नाही, तिथे ही झाडं उभी असतात. कागदासारख्या पापुद्र्यांची फिकट साल, आणि सालीला जखम झाली की ओघळणारा सुगंधी डिंक, जो आपण धूप म्हणून जाळतो. त्यातून टर्पेंटाइनसारखं तेलही निघतं. म्हणजे नात्याने लांब असली तरी धंद्याने ती चिडाचीच बहीण. नेपानगरचा कागद कारखाना, देशात वर्तमानपत्री कागद करणारा पहिला, याच सलई आणि बांबूच्या भरवशावर उभा राहिला; १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं राष्ट्रार्पण केलं. आपल्या आजोबांनी वाचलेल्या वर्तमानपत्रांतली कितीतरी पानं या डोंगरांतली असतील. वासासाठी मात्र सालीला चाकू लावू नका, आपोआप ओघळलेल्या डिंकाचा खडा जमिनीवर सापडतो.

पाइनच्या जंगलाचा एक नियम इथे उलटा होतो. ते बारमाही हिरवं, सावलीचं. सलई आणि साग हिवाळा संपता संपता उघडे होतात. फेब्रुवारीत धारेवर गेलात तर चारही बाजूंना झाडं आणि सावली कुठेच नाही, अशी गंमत. अंजन त्यातल्या त्यात दिलासा देतो. तेव्हा दुपारच्या मुक्कामाची जागा नाल्यात, जांभूळ-अर्जुनाखाली धरा आणि धारेवरचं चालणं दहाच्या आत उरका. सागाची वाळलेली मोठी पानं उतारावर पत्रावळीसारखी घसरतात, उतरताना टाच आधी टेकवा.

पाण्याबद्दल एक खास या भागातली खुबी आहे. वर डोंगरात नाला खळखळत असतो, आणि तोच नाला पायथ्याशी येतो तेव्हा कोरडा ठणठणीत. सातपुड्याच्या पायथ्याला गोट्यांचा आणि भरड रेतीचा जाड पट्टा आहे, भूगर्भवाले त्याला बाजदा म्हणतात. पाणी त्यात शिरतं आणि जमिनीखालून तापीकडे जातं. मोगलांच्या काळात, १६१५ मध्ये, तबकतुल अर्ज नावाच्या जाणकाराने हेच पाणी हेरून विहिरी आणि भुयारी नळ खणवले आणि शहराला पाणी दिलं. तोच लालबागजवळचा कुंडी भंडारा. चालणाऱ्याने यातून घ्यायचं ते इतकंच: उतरताना खाली पाणी मिळेल या आशेवर बाटल्या रिकाम्या करू नका. वरच भरून घ्या. हिवाळ्यात माणशी तीन लिटर, होळीनंतर चार.

जंगलात शिरण्याआधी वन विभागाच्या कचेरीत विचारा. परवानगीचा भाग आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे नेपानगर-नावरा पट्ट्यात अतिक्रमण आणि जंगलतोडीवरून अलीकडच्या वर्षांत मारामाऱ्यांपर्यंत गोष्टी गेल्या आहेत. अशा ठिकाणी कॅमेरा गळ्यात घालून फिरणाऱ्या अनोळखी माणसाकडे दोन्ही बाजू संशयाने बघतात. खकनारच्या बाजूला कोरकू गावं आहेत. तिथलाच वाटाड्या घ्या, मजुरी निघण्याआधी ठरवा, आणि तो म्हणाला की या नाल्यात नको, तर का म्हणून हुज्जत घालू नका. सवय नसलेल्यांनी आधी असीरगड करावा. वाट मळलेली, माणसांची ये-जा, आणि १६०१ मध्ये अकबराच्या हाती लागलेल्या या गडावरून सातपुड्याची खिंड कशी दिसते ते बघितलं की बुऱ्हाणपूरला दक्षिणेचं दार का म्हणत ते कोणी सांगावं लागत नाही.

हे रान मेळघाटाला लागून आहे. बिबट्या तुम्हाला बघतो, तुम्ही त्याला बघत नाही, त्यामुळे त्याची फार काळजी नको. काळजी करायची ती अस्वलाची. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात, पहाटे अस्वल मोहाखाली असतं आणि त्याला खाण्याच्या नादात तुमची चाहूल लागत नाही. दचकलं की अंगावर येतं. उजाडल्यावरच निघा, मोठ्याने बोलत चला, वारुळांच्या आणि कपारींच्या जवळून जाऊ नका. त्याच दिवसांत मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि आग गवतात जाते. दुपारी वारा सुटल्यावर वाळल्या गवताच्या उतारावर असू नये. धूर दिसला तर वर न चढता जळून गेलेल्या किंवा उघड्या खडकाळ भागाकडे सरका.

खडकाळ माळावर फुरसं असतं, गवतात आणि बांधावर घोणस. बसण्याआधी दगड काठीने हलवा. दंश झालाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं, यातलं काहीही करू नका. अंगठी, कडं, घड्याळ काढा, हात-पाय फळीला बांधून हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि माणसाला चालवू नका, उचलून न्या. भगताकडे नेण्यात गेलेला तास परत मिळत नाही. खकनारच्या आतल्या भागात फोनला रेंज नसते, म्हणून कुठून निघालो, कुठे उतरणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोधायला निघायचं, हे घरी कागदावर लिहून ठेवा. तोंडी सांगितलेलं घरच्यांच्या लक्षात राहत नाही.

शिदोरी साधी. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, गूळ. बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी खाऊन निघण्याचा मोह सगळ्यांना होतो. पोटात दगड घेऊन चालल्यासारखं होतं, ती संध्याकाळी परत आल्यावर खा. त्याआधी घरात शिरताना कपडे बाहेरच उतरवा. गुरं चरतात त्या रानातून आल्यावर काखेत, जांघेत, गुडघ्यामागे आणि कानामागे गोचिड बघा, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. कुसळं मोज्यात राहिली तर धुऊन जात नाहीत, एकेक वेचावी लागतात. बुटात वर्तमानपत्राचा बोळा कोंबून ते सावलीत वाळवा. उन्हात ठेवलेत तर गाळ दगडासारखा होतो आणि तळाचा डिंक सुटतो.